कार्डाची लाल बाजू

ज्या शुक्रवारी ही घटना घडली, त्या दिवसापर्यंत शिकागोच्या बाजारातल्या, पायऱ्यांवर उभे राहून ओरडून सौदे करण्याच्या रिंगणात मी सतरा वर्षे उभा होतो आणि माझ्या हाताने मला कधीही दगा दिला नव्हता. माझे नाव लिऑन स्कारबेक. शाळा मी सोळाव्या वर्षी सोडली. पुढे जे काही ज्ञान मला लाभले, ते आर्चर रस्त्यावरच्या वाचनालयातून आणि रिंगणाच्या पायऱ्यांवरून लाभले.

आमच्या रिंगणात शेअर विकले जात नसत. तेथे बाजाराच्या घबराटीचा व्यापार चाले. एक फंड होता. बाजार शांत असला की त्याचा भाव दिवसेंदिवस झिजत जाई आणि बाजार बिथरला की तो उसळे. या फंडावरचे कॉल आम्ही घेत आणि विकत असू. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाने त्या फंडाचे शंभर भाग विकत घेण्याचा हक्क; कॉलचा भाव मात्र एका भागामागे सांगत. हा हक्क जो विकतो त्याला रोख पैसे तत्काळ मिळतात, आणि बाजार शांत राहिला तर ते त्याचेच होतात. बाजार खवळला तर मात्र त्याची सुटका नाही. भाव कोठेही जावो, दिलेला शब्द त्याला पुरा करावाच लागतो.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार अकरा साली, मार्च महिन्यातले काही दिवस वगळता मी सतत विकतच होतो. रोज सकाळी विकावे, रोज सायंकाळी भाव थोडा झिजलेला पाहावा आणि समाधानाने घरी जावे, असा माझा क्रम झाला होता. घर म्हणजे विटांची दुमजली इमारत. वर मी आणि माझी पत्नी दानुता राहत होतो, खाली सासूबाई. माझ्या व्यापाराच्या खात्यासाठी मी याच घरावर कर्ज काढले होते. ही गोष्ट दानुताला ठाऊक होती. सासूबाईंना ठाऊक नव्हती.

रिंगणात माझ्या समोरच्या पायरीवर फिंटन लॅफर्टी नावाचे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ उभे राहत. ते माझ्या अगदी उलट. ते नेहमी विकत घेत आणि संकटाची वाट पाहत. मे महिन्यात त्यांच्या हातातले कॉल रोज झिजत असताना मी एक अविचार केला. सरबताच्या ग्लासात खोचतात तशी कागदाची एक गुलाबी छत्री मी त्यांच्या हिरव्या कोटाच्या पाठीला टोचून दिली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आजोबा, लख्ख ऊन पडलंय, छत्री मिटा की आता!"

सारे रिंगण हसले. लॅफर्टींनी पाठीवर हात नेऊन ती छत्री काढली, नीट मिटली आणि खिशात ठेवली.

"असू दे, पोरा," ते म्हणाले. "तुलाच लागेल कधीतरी."

त्यानंतर ते माझ्याशी सौद्यापुरतेच बोलत.

ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी बाजार कोसळला. शुक्रवारी सकाळी मी कोट हातावर घेऊन निघालो, तेव्हा दानुता दारात आडवी उभी राहिली. माझे दोनशे कॉल त्या वेळी विकलेले होते.

"लिऑन, आज ते सगळं परत घेऊन टाक. तोटा होऊ दे. मोकळा होऊन ये."

"वीस हजार डॉलर जातील, दानुशा."

"वीस जाऊ देत. घर राहू दे."

मी तिला शब्द दिला.

त्या काळी बहुतेकांच्या हाती पाटीएवढे संगणक आले होते. आम्ही काही जुनी माणसे मात्र अजून कार्डे वापरत होतो. प्रत्येक सौदा कार्डावर लिहावयाचा. निळ्या छपाईची बाजू खरेदीची, उलट लाल छपाईची बाजू विक्रीची. भाव तोंडाने सांगावयाचा आणि हात वर करावयाचा. तळहात स्वतःच्या छातीकडे असला तर खरेदी, समोरच्याकडे असला तर विक्री. एवढ्यावर लाखोंचे व्यवहार होत.

शुक्रवारी दुपारपर्यंत भाव असे हिंदकळत होते की मी तीन वेळा घेण्यासाठी तोंड उघडले आणि तीन वेळा मिटले. अखेरच्या तासात बाजार सावरू लागला. मी येथे सत्य लिहितो: त्या क्षणी माझ्या मनात लोभ शिरला. घाबरट लोक महाग भावाने कॉल मागत आहेत, भीती तर ओसरत आहे. मग परत कशाला घ्यावयाचे? आणखी दोनशे विकावेत! असा विचार आला आणि त्याच्या पाठोपाठ दारात उभी असलेली दानुताही डोळ्यांपुढे आली. त्याच वेळी समोरून लॅफर्टींचा आवाज आला, "तीन डॉलर, दोनशे!" मी हात वर केला आणि ओरडलो, "झाला!" त्यांनी माझ्याकडे पाहून काही शेरा मारला, तो गोंगाटात मला कळला नाही, पण आजूबाजूचे हसले. मी कार्ड लिहिले, पेटीत टाकले आणि कपाळ पुसले.

घरी जाऊन मी दानुताला सांगितले, "मोकळा झालो." तिने मला पिएरोगी, म्हणजे आमचे पोलिश उकडलेले कानवले, वाढले आणि त्यावर लोणी सढळ हाताने घातले.

साडेपाच वाजता दूरध्वनी वाजला. आमचे हिशेब जुळवणाऱ्या पेढीतल्या टेटबाई बोलत होत्या. फिलोमेना टेट या बाईंनी पंचवीस वर्षे रिंगणातले न जुळणारे सौदे जुळवले होते आणि त्यांचा आवाज कधीही चढत नसे.

"लिऑन, तुझा नि फिंटनचा एक सौदा जुळत नाहीये. दोनशे कॉल, तीन डॉलर. त्याचं कार्ड म्हणतं विकले."

"बरोबर आहे. मी घेतले."

"तुझंही कार्ड म्हणतं विकले. लाल बाजू, तुझंच अक्षर."

मी दूरध्वनी दुसऱ्या कानाला लावला.

"तुला नक्की आठवतं ना, बाळा?" त्यांनी विचारले. "कारण दोघांनी विकले असं होत नसतं. सोमवारी सात वाजता माझ्या टेबलापाशी ये."

मी दूरध्वनी ठेवला आणि आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसलो. तळहात छातीकडे होता की समोर? मी डोळे मिटून तो क्षण आठवू लागलो, तेव्हा मला दोन्ही हात दिसत होते. एक दानुताला शब्द दिलेल्या माणसाचा, दुसरा लोभी माणसाचा. कोणता वर गेला होता, आणि समोर लॅफर्टींचा तळहात कोणीकडे होता, हे मला सांगता येईना.

त्याच संध्याकाळी बातमी आली की देशाच्या सरकारची पत एका पायरीने खाली उतरवली गेली आहे. असे पूर्वी कधी घडले नव्हते. सोमवारी बाजार कसा उघडणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको होता.

शनिवारी सकाळी पेढीच्या जोखीम विभागातून एका साहेबांचा निरोप आला. माझ्या कार्डाप्रमाणे माझे चारशे कॉल विकलेले धरले जातील. सोमवारी घंटा होण्यापूर्वी पैसे भरावेत, अन्यथा पेढी मिळेल त्या भावाने ते परत घेईल आणि तोटा माझ्याकडून वसूल करील. मी कागदावर आकडे मांडले. दोन लाखांच्या पुढे जात होते. खात्यात नव्वद हजार होते. उरलेले म्हणजे घर.

दानुता सारे ऐकून घेऊन टेबलापाशी बसली.

"तू घेतले होतेस ना?"

"मला वाटतं, घेतले."

"वाटतं म्हणजे? लिऑन, हात तुझा आहे का शेजाऱ्याचा?"

"मनात दोन्ही होतं, दानुशा. खरं सांगतो. शेवटच्या क्षणी मला आणखी विकावंसं वाटलं होतं."

तिने टेबलावरच्या कापडाच्या सुरकुत्या सरळ केल्या. मग म्हणाली, "मग सोमवारी ठामपणे सांग, घेतलेच म्हणून. कोण बघायला आलंय?"

"लॅफर्टी बघत होते."

"ते काय सांगतील?"

मी तिला समजावून सांगितले. लॅफर्टींच्या कार्डावर विक्री होती. ते खरे असेल तर मी सुटलो. परंतु 'चूक माझी, मी घेतले होते' एवढेच त्यांनी म्हणण्याचा अवकाश, की माझे लाल कार्ड त्यांचा साक्षीदार होणार होते. सोमवारच्या भावाने त्यांना त्यात एक लाख डॉलर मिळणार होते. एक वाक्य बोलावयाचे होते, आणि ते खोटे आहे असे म्हणणारे माझ्या माहितीत कोणी नव्हते, मीही नव्हतो.

"माणूस कसा आहे?" तिने विचारले.

मी तिला गुलाबी छत्रीची हकीकत सांगितली.

"अरे देवा," दानुता म्हणाली. "मूर्ख आहेस तू! मे महिन्यात विनोद करतोस आणि ऑगस्टमध्ये घर त्याच्या हातात देतोस!"

रविवारी आम्ही चर्चमध्ये गेलो. सासूबाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. प्रार्थना संपल्यावर त्या म्हणाल्या, "लिऑन, आज एवढा वेळ गुडघ्यावर होतास. काय मागितलंस?"

"आठवण," मी म्हणालो.

"या वयात? ती मला मागू दे," त्या म्हणाल्या आणि हसत पायऱ्या उतरल्या. परत येताना त्यांनी खालच्या खिडक्यांना या शरद ऋतूपूर्वी रंग द्यावा लागेल, असे दोनदा सांगितले. मी दोन्ही वेळा होकार दिला. दानुताने माझा हात घट्ट धरला होता, उजवाच.

सोमवारी पावणेसात वाजता मी रिंगणाच्या कडेला टेटबाईंच्या टेबलापाशी पोहोचलो. बाजार उघडण्याआधीचे अंदाजी भाव पडद्यांवर दिसत होते आणि तीन डॉलरचा तो कॉल आठच्या आसपास उघडणार, अशी कुजबुज होती. लॅफर्टी सातला दोन मिनिटे कमी असताना आले. हातात कॉफीचा कागदी पेला, अंगात तोच हिरवा कोट. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

टेटबाईंची एक पद्धत होती. दोन्ही कार्डे त्या एका पुस्तकाखाली झाकून ठेवत. आधी आठवण सांगावयाची, कार्डे नंतर पाहावयाची. कोणालाच आठवत नसेल तर नफातोटा अर्धा अर्धा वाटून घ्यावयाचा. आणि ज्याच्यावर मोठे संकट असेल त्याने प्रथम बोलावयाचे.

"लिऑन," त्या म्हणाल्या. "बोल."

'मी घेतले' एवढे दोन शब्द मी रविवारी दिवसभर घोटले होते. ते ओठांपर्यंत आले. परंतु ज्या रिंगणात मी सतरा वर्षे केवळ उंचावलेल्या हातावर विसंबून जगलो, तेथे न आठवणाऱ्या हाताची शपथ घेणे मला जमेना.

"बाई, मी घेण्यासाठी आलो होतो," मी म्हणालो. "घरी तसं सांगून आलो होतो. पण शेवटच्या क्षणी विकण्याचा मोह झाला. हात कसा होता, मला आठवत नाही. शपथेवर सांगू शकत नाही."

टेटबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग त्या लॅफर्टींकडे वळल्या.

लॅफर्टींनी कॉफीचा एक घोट घेतला. मग आणखी एक. त्या दोन घोटांच्या अवधीत मी खालच्या मजल्याच्या साऱ्या खिडक्या मोजल्या.

"लिहा, बाई," ते म्हणाले. "मी विकले. यानं घेतले."

"नक्की, फिंटन?"

"नक्की म्हणजे? हा असा उभा होता." त्यांनी पेला टेबलावर ठेवला आणि तळहात आपल्या छातीशी असा दाबून धरला की जणू कोणी त्यांचे पाकीट ओढत होते. "सतरा वर्षं याचा पंजा माझ्या तोंडासमोर असतो, उघडा. शुक्रवारी पहिल्यांदा याच्या हाताची पाठ बघितली मी. नखं खाल्लेली! मी ओरडलोसुद्धा, 'काय रे स्कारबेक, बायकोनं पाठवलं का?' दहा जण हसले. विचारा कुणालाही."

टेटबाईंनी कार्डे काढली. माझ्या कार्डाची लाल बाजू वर होती. त्यांनी त्या ओळीवर एक आडवी रेघ ओढली, कार्ड उलटले, निळ्या बाजूवर तोच सौदा लिहिला आणि खाली आम्हा दोघांची सही घेतली. माझी सही ओळ सोडून खाली गेली. लॅफर्टींची मोठी आणि वाकडी आली, ती नेहमीच तशी येई.

"झालं," टेटबाई म्हणाल्या. "तुझं खातं मोकळं आहे, लिऑन. साहेबांना मी कळवते. आता बस जरा, पडशील."

मी खुर्चीवर बसलो. एवढा वेळ मी श्वास कोठे साठवला होता, कोणास ठाऊक. तो एकदम बाहेर आला आणि टेबलावरचे दोन कागद उडाले.

"लॅफर्टीसाहेब," मी म्हणालो, "तुमचं नुकसान..."

"कसलं नुकसान? जुलैमध्ये नव्वद सेंटला घेतले होते मी. तुला तीनला विकले. रविवारी नातवंडांबरोबर तळ्यावर मासे धरत होतो."

"पण तुम्ही उलट बोलला असता तर लाख डॉलर मिळाले असते."

"मिळाले असते." त्यांनी मान हलवली. "शनिवारी हिशेब केला होता मी, खोटं कशाला बोलू? बोटीचा भाव पण विचारून ठेवला होता. पण मग आलो नि तुझं थोबाड बघितलं. आणि वर हा सत्यवादी संत व्हायला निघालेला! 'मला आठवत नाही, बाई.' तू ठणकावून खोटं बोलला असतास ना, तर मीही बोललो असतो कदाचित. मजा आली असती." त्यांनी टेबलावरचा पेला उचलला. "नसतो बोललो बहुतेक. माहीत नाही. आता विचारू नकोस."

"मग लाल बाजूवर कसं लिहिलं गेलं माझ्या हातून?"

"आठ महिने काय लिहीत होतास? तुझं कार्ड तळहातात लाल बाजू वर करूनच बसतं. हाताला दुसरं काही माहीतच नाही." ते पुढे आले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. "ऊठ जरा."

मी उठलो. त्यांनी ती गुलाबी छत्री उघडली आणि माझ्या छातीवरच्या बिल्ल्याशेजारी टोचली. मे महिन्यापासून ती त्यांच्या खिशात होती. एक काडी मोडली होती.

"आज दिवसभर काढायची नाही. आणि दुपारचं सॉसेज तुझ्याकडून. कांदा दुप्पट, मोहरी दुप्पट."

मी बाहेर येऊन दानुताला दूरध्वनी केला. ती पहिल्या घंटेलाच उचलेल हे मला ठाऊक होते.

"निळी," मी म्हणालो.

 पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला.

"त्या माणसानं सांगितलं?"

"हो."

"छत्रीवाल्यानं?"

"हो. ती आता माझ्या कोटावर आहे."

"राहू दे तिथेच," दानुता म्हणाली. "आणि येताना काळा राय पाव आण. कापलेला नको, अख्खा."

साडेआठला घंटा झाली आणि रिंगण फुटले. माणसे एकमेकांच्या खांद्यांवर चढून ओरडत होती. तो कॉल आठ डॉलर वीस सेंटला उघडला आणि दहाच्या पुढे गेला. मी माझ्या पायरीवर रिकाम्या हातांनी उभा होतो. माझे काहीही विकलेले नव्हते, काहीही घेतलेले नव्हते. सतरा वर्षांत इतक्या गोंगाटात मला इतकी शांतता कधी लाभली नव्हती. कोणीतरी माझ्या छत्रीकडे बोट दाखवून ओरडले, "स्कारबेक, पाऊस आहे काय रे?" आणि मी मनापासून हसलो.

दुपारी हॉलस्टेड रस्त्यावरच्या टपरीपाशी उभे राहून आम्ही सॉसेज खाल्ले. लॅफर्टींनी दोन खाल्ली. बोटीविषयी ते पुन्हा काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

त्या सायंकाळी मी कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा घरी आणला. दानुताने स्वयंपाकघरातली कात्री घेतली आणि प्रत्येक कार्डाचा एक कोपरा कापला. निळी बाजू वर असली की कापलेला कोपरा अंगठ्याखाली येतो. न पाहताही समजते. सासूबाईंनी वर येऊन विचारले, हे काय चालले आहे? दानुताने त्यांना सर्व सांगितले, घरावरच्या कर्जासकट. सासूबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दुसरी कात्री कुठाय?"

मंगळवारी लॅफर्टींनी माझ्या हातातली कार्डे पाहिली.

"हे काय? उंदरांनी कुरतडली?"

मी त्यांना अंगठा ठेवून दाखवला. ते मोठ्याने हसले, शेजारच्या चार जणांना बोलावून दाखवले आणि त्यांनाही हसवले. मग गर्दी पांगल्यावर, घंटा होण्याच्या थोडे आधी, ते माझ्या पायरीपाशी आले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले,

"मलाही दहा दे की."